कोंडिबाची बासष्ट पतवंडं

माणसाने एक वेळ देवाची खोटी शपथ घ्यावी, पण खोटं बोलताना पूर्वजांना मध्ये ओढू नये, असं माझं ठाम मत आहे. मत अनुभवाचं आहे. मी एकदा ओढलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या.

"तुझ्या पणजोबांचं नाव?" लिमये सरांनी विचारलं. ते आमचे एक्स्टर्नल, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक. त्या दिवशी चतुर्थी होती, त्यामुळे त्यांच्यापुढे साबुदाण्याचे वडे होते.

"कोंडिबा," मी म्हणालो.

"पूर्ण नाव सांग."

"कोंडिबा मोघे."

खोलीत आम्ही पाच जण होतो. एकालाही हसू आलं नाही. आमच्या घराण्यात आजवर त्र्यंबक झाले, विष्णू झाले, एक जनार्दन डोकं फिरून काशीला निघून गेले. पण कोंडिबा नावाचा माणूस आमच्या अंगणातून चालत गेल्याचंसुद्धा कोणाला आठवत नाही. हे लिमये सरांना माझं आडनाव ऐकल्याबरोबर कळलं असणार. त्यांनी वड्याचा तुकडा दह्यात बुडवला आणि मान डोलावली.

माझ्या शेजारी हेमलता उगले उभी होती. कोंडिबा तिचे पणजोबा.

ही वेळ असाइनमेंट नंबर नऊमुळे आली. साल दोन हजार. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज गावाबाहेर माळावर होतं. पूर्वी तिथे मेंढरं चरत. मग साखर कारखान्याच्या साहेबांनी कॉलेज काढलं आणि आम्ही आलो. काँप्युटर लॅबबाहेर बूट-चपला काढाव्या लागत, कारण काँप्युटरला धूळ सोसत नाही. साठ जणांचे मोजे बंद खोलीत एकत्र आले की जो वास सुटे, तो मात्र काँप्युटरला सोसत होता. आजही कुठे रिकर्शन हा शब्द वाचला की मला आधी तो वास येतो, अर्थ नंतर.

विषय शिकवायला इंगवले सर होते. याच कॉलेजातून पास होऊन याच कॉलेजात राहिलेले, आमच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठे. ते नुकतेच पुण्याला कसल्याशा कार्यशाळेला जाऊन आले होते आणि तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की उदाहरणं रोजच्या जगण्यातली द्यावीत.

"यंदा झाडाचा प्रोग्रॅम वेगळा," त्यांनी जाहीर केलं. "प्रत्येकाने आपल्या घरची वंशावळ घ्यायची. पणजोबा वर, त्यांच्याखाली मुलं, मुलांखाली त्यांची मुलं. आणि सगळी नावं रिकर्शनने छापायची."

"सर, रिकर्शन म्हणजे?" मागून मुजावरने विचारलं.

"फंक्शन स्वतःच स्वतःला बोलावतं."

"कशापायी सर?"

"सिलॅबसमध्ये आहे." सरांनी फळ्यावर एक गोल काढला, त्याला खाली दोन फांद्या. "आणि झाड बायनरी पाहिजे. म्हणजे एकाला दोनच मुलं."

"आमच्या आजोबांना अकरा हायत की सर."

"दोन घे."

"कुठली?"

"चांगली बघून घे."

पुढचे पंधरा दिवस लॅबमध्ये जे चाललं त्याला अभ्यास म्हणणं कठीण आहे. एकाचा प्रोग्रॅम पणजोबांपाशीच अडकला. पणजोबांनी पुन्हा पणजोबांनाच बोलावलं आणि त्यांचं नाव निळ्या पडद्यावर धावत सुटलं. शेवटी मशीन बंद करून म्हाताऱ्याला थांबवावं लागलं. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये नातू आधी छापला जात होता आणि आजोबा नंतर. तिसऱ्याचं काहीच छापलं जात नव्हतं, त्याला सर म्हणाले, "निर्वंश झाला तुमचा." ही त्यांची त्या सत्रातली एकमेव कोटी.

मी वर्गात पहिला येत असे. पहिला येणं आणि समजणं यांचा संबंध आमच्या कॉलेजात फारसा कोणी जोडत नसे, त्यामुळे मला काहीच समजलेलं नाही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हेमाच्या आलं. आम्ही दोघं एका मशीनवर बसायचो. ती डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. घरी चुलत्यांचा शब्द चाले आणि चुलत्यांनी तिच्या वडिलांकडून वदवून घेतलं होतं, की पोरीचं एक जरी वर्ष बुडालं तर तिला परत आणायचं. हे तिनेच मला सांगितलं होतं, डबा खाताना, जसं कोणी आपल्याला लसूण चालत नाही असं सांगतं तसं.

"मोघे, तू नुसता पाठ करतोयस," ती म्हणाली. आम्ही लॅबबाहेर पायरीवर बसलो होतो, चपलांच्या ढिगाशेजारी.

"नाही गं, समजलंय मला."

"मग सांग बघू."

मी पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली.

"हां, पाठच आहे. हे बघ. आमच्या घरात माणसं किती, हे तुला मोजायचंय. तू पणजोबांना विचारलंस. पणजोबा कशाला सगळ्यांना मोजत बसतील? ते आपल्या पोरांना विचारणार, तुमच्याकडे किती? पोरं त्यांच्या पोरांना विचारणार. असं खाली खाली जायचं. ज्याच्या खाली विचारायला कोणी नाही, तो म्हणणार, मी एकटा. मग ते उत्तर परत वर वर येणार. प्रत्येक जण आपलं एक मिळवून वर सांगणार. झालं."

"आणि खालच्याने चुकीचं सांगितलं तर?"

"तर वर चुकीचंच पोचणार की. वरच्याला काय कळतंय?"

मी मान हलवली. आता समजलं, असं म्हणालो. समजलं नव्हतं.

तिने दोन दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. कोंडिबांना पाच मुलं होती: भागीरथी, सखाराम, अनुसया, धोंडी आणि चंद्राबाई. तिने इंगवले सरांना विचारलं, दोनच कशी घेऊ?

"मुली काढ की. राहिले दोन." सरांना स्वतःलाच तोडगा आवडला. "नाहीतरी वंशावळीत मुली नसतातच."

"मग शेवटी माझं नाव कसं येणार सर?"

"भाऊ आहे ना तुला? त्याचं घाल. तू प्रोग्रॅम लिहिणारी. तू आत कशाला जातेस?"

तिने तसा प्रोग्रॅम केला. कोंडिबा, त्यांचे सखाराम आणि धोंडी, सखारामचे विठ्ठल आणि बाबूराव, विठ्ठलचा संतोष. सुरळीत चालला. प्रिंटरने करकर आवाज करत कागद बाहेर सोडला. तिने तो वाचला आणि घडी घालून पिशवीत टाकायला लागली.

"मला दे ना," मी म्हणालो. "घरी बसून नीट समजून घेतो."

"बघ. पण उतरवू नकोस. नावं आमच्या घरची आहेत."

"आईशप्पथ."

माझी आई अजून आहे. ठणठणीत आहे. शपथांचं काही खरं नसतं.

आमच्याकडे जर्नल हाताने लिहायचं असे. प्रोग्रॅम, खाली त्याचं उत्तर, त्याखाली सरांची सही. सही नसेल तर टर्म नाही, टर्म नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मी हेमाचा कागद समोर ठेवून उतरवला आणि संतोषच्या जागी माझं नाव घातलं. वरची नावं बदलायला हवीत हे मला सुचलं होतं. पण एकाचं बदललं तर प्रोग्रॅममध्ये चार ठिकाणी बदलावं लागत होतं, आणि कुठल्या चार ठिकाणी ते मला कळत नव्हतं. माझं जर्नल मुजावरने नेलं, आत हेमाचा कागद तसाच होता.

"मोघ्या, ह्यो कोंडिबा कोण?"

"आहे कोणीतरी. तू तुझ्या पणजोबांचं घाल."

"बदललं आन् बंद पडलं तर? पणजोबा कुणाचा का असंना, प्रोग्रॅम चालतोय न्हवं?"

मुजावरकडून जर्नल आणि कागद दोन्ही होस्टेलला गेले, होस्टेलवरून झेरॉक्सच्या दुकानात. आठवड्याभरात इंगवले सरांनी बासष्ट जर्नलांवर सही केली. त्यांची सही म्हणजे एक उभी रेघ आणि तिला शेपूट. एका मिनिटात दहा होत.

त्रेसष्टावं जर्नल हेमाचं. तिने पहिला कागद टाकूनच दिला होता. लायब्ररीत तिला एका पुस्तकात युक्ती सापडली: फांद्या दोनच ठेवायच्या, पण डाव्या फांदीला थोरलं मूल आणि उजव्या फांदीला पाठचं भावंड. मग कितीही मुलं असू देत, सगळी बसतात. तिने पाचही जणांना बसवलं, त्यांच्या लेकीबाळींना बसवलं, आणि अगदी शेवटी, विठ्ठलच्या खाली, हेमलता, तिच्या उजवीकडे संतोष.

"हे काय केलंस?" सरांनी विचारलं. "दोन मुलं सांगितली होती."

"फांद्या दोनच आहेत सर."

"भागीरथी कशाला घातली पहिल्यालाच? काढ तिला."

"तिला काढलं तर सगळेच जातात सर. थोरली आहे. बाकीचे तिला धरून आहेत."

"वंशावळ आहे का वडाची पारंबी? बाकीच्यांसारखं करून आण, मग सही देतो."

बाकीच्यांसारखं म्हणजे कसं, हे तिने पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर आपल्या पणजोबांची भेट झाली असती. तोंडीच्या दिवसापर्यंत ती ते जर्नल घेऊन रोज स्टाफरूममध्ये जात होती आणि सर रोज म्हणत होते, उद्या बघू.

तोंडी परीक्षा विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये होती. प्रमुख शिंगाडे सर, मूळचे इलेक्ट्रिकलचे. काँप्युटरमध्ये वीज लागते एवढ्या नात्याने ते प्रमुख झाले होते. लिमये सरांचा उपास असल्यामुळे सकाळपासून केबिनमध्ये बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, केळी, दाण्याची उसळ आणि वड्यांच्या ताटल्या जात होत्या. लिमये सर गोरे, घारे, मऊ हातांचे गृहस्थ. ते ताटलीतून जर्नलकडे आणि जर्नलमधून ताटलीकडे मधे काहीही न पुसता जात.

चौथा मुजावर गेला.

"मुजावर, तुझे पणजोबा कोंडिबा?"

"व्हय सर."

"घरी असं आहे?"

"घरी न्हाई सर. प्रोग्रॅममध्ये हायत."

लिमये सरांनी सगळा गठ्ठा मागवला. बासष्ट कोंडिबा निघाले. अकरा जणांनी तर शेवटचं नावही बदललेलं नव्हतं. ते संतोष होते. त्यात दोन मुली होत्या.

"मूळ कोणाचं?" लिमये सरांनी शिंगाडे सरांना विचारलं.

शिंगाडे सरांनी इंगवले सरांकडे वळून विचारलं, "मूळ कोणाचं?"

इंगवले सर व्हरांड्यात आले. घाम फुटला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मोघे, मूळ कोणाचं?"

माझ्या खाली विचारायला कोणी नव्हतं. रिकर्शन मला त्या क्षणी समजलं.

"उगलेचं आहे सर."

"वेडा आहेस का? जिच्या जर्नलवर मी सही दिली नाही तिचं मूळ, आणि ज्यांना सही दिली ते बासष्ट कॉपी, असं आत जाऊन सांगू? माझी नोकरी अजून कायम झालेली नाही." त्यांनी माझा दंड धरला. "तू पहिला आहेस वर्गात. तुझं आहे म्हण. हुशार पोराचं बाकीच्यांनी बघितलं, एवढ्यावर भागेल. नाहीतर सगळ्यांची टर्म जाईल. तुझीसुद्धा."

"आणि उगले?"

"तिचं वेगळंच आहे ना? तिला काय होतंय?"

मी आत गेलो. मग हेमालाही बोलावलं. बाकी सुरुवातीला सांगितलंच आहे: पणजोबा कोण, कोंडिबा, पूर्ण नाव, कोंडिबा मोघे.

हेमाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्त्यात ओळखीचं कोणी वाटावं आणि जवळ गेल्यावर निघू नये, तसं.

"सर, ते माझे पणजोबा आहेत," ती म्हणाली.

"तुमच्याही जर्नलमध्ये आहेत खरे." लिमये सर पानं उलटत होते. "पण तुमचं निराळंच दिसतंय. बासष्ट जणांचं एकसारखं, तुमचं निराळं, कोंडिबा मात्र तोच. म्हणजे मोघेंचं उतरवलं आणि ओळखू येऊ नये म्हणून मधे बायका घातल्या. ही कोण, भागीरथी?" त्यांनी नावावर बोट ठेवलं. बोट उचललं तेव्हा तिथे वड्याचं तेल उमटलं होतं आणि भागीरथीमधून पलीकडचं पान दिसत होतं.

"आजोबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली. चौघा भावंडांना तिने वाढवलं. ती होती म्हणून बाकीचे राहिले सर."

"प्रोग्रॅममध्ये की घरात?"

"दोन्हीकडे."

लिमये सरांचा हात थांबला. त्यांनी पान जवळ घेतलं, डावी फांदी पाहिली, उजवी पाहिली. त्यांना कळलं होतं. कळल्याचं मी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं, आणि मला हायसं वाटलं. वाटलं, चला, आता आपल्याला काही करावं लागणार नाही.

"थोरलं मूल आणि पाठचं भावंड," ते म्हणाले. "युक्ती जुनी आहे ही. पुस्तकातली."

"हो सर. लायब्ररीतल्या."

"म्हणजे तीही कॉपीच."

शिंगाडे सर हसले. इंगवले सर उशिरा हसले.

"सर, एकच करा," हेमा म्हणाली. आवाज जरा चढला होता. "मोघेला विचारा, कोंडिबांना मुलं किती."

"विचारतो की. मोघे?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. ताटलीकडे पाहिलं. वड्याचा एक साबुदाणा सरांच्या मिशीला चिकटला होता, मग तिकडे पाहत राहिलो.

"दोन," मी म्हणालो.

"पाच, सर!"

"बासष्ट ठिकाणी दोन आहेत, बाई. एका ठिकाणी पाच." लिमये सरांनी रुमाल काढला. "सरासरी काढली तरी दोनच येतात. काय शिंगाडे?"

"दोनच," शिंगाडे सर म्हणाले.

"शिवाय हिच्या जर्नलवर सहीच नाही. हिचंच लिहू. अहवालात एक तरी केस दाखवावी लागते, नाहीतर विद्यापीठाला वाटतं, एक्स्टर्नल नुसता खायला आला होता."

हेमाने टेबलावरून जर्नल उचललं, तेलाचं पान वर ठेवून मिटलं आणि बाहेर गेली. मीही वळलो, तेवढ्यात लिमये सरांनी हाक मारली. माझ्या मार्कांच्या रकान्यात ते पंचवीसपैकी तेवीस लिहीत होते.

"मूळचे कुठले तुम्ही?" आतापर्यंत मी त्यांचा 'तू' होतो.

"गुहागरकडचे सर."

"वाटलंच." ते गालात हसले. "कोंडिबा! छान. घ्या, लाडू घ्या."

मी लाडू घेतला. हे मी कोणाला सांगत नाही, पण घेतला, आणि तिथेच उभा राहून खाल्ला. बाहेर आलो तेव्हा तोंडात राजगिरा होता. हेमा लॅबच्या पायरीशी वाकून चपलांच्या ढिगात आपली दुसरी चप्पल शोधत होती. मला बोलता येण्याजोगं तोंड रिकामं होईपर्यंत चप्पल सापडली आणि ती निघून गेली.

तिची टर्म गेली. चुलते स्वतः येऊन तिला घेऊन गेले. वर्षभराने ती परत आली. वडिलांनी ते कसं जमवलं, मी विचारलं नाही. असाइनमेंट नंबर नऊ तिने पुन्हा इंगवले सरांकडेच केली: कोंडिबा, सखाराम, धोंडी, शेवटी संतोष. सरांनी पहिल्याच दिवशी सही दिली. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो. एकदा व्हरांड्यात समोरासमोर आलो.

"काय मोघे, पणजोबा बरे आहेत ना तुझे?"

"बरे आहेत," असं माझ्या तोंडून गेलं.

आमची लेखी परीक्षा त्या तोंडीनंतर तीन आठवड्यांनी झाली होती. रिकर्शनने झाड छापण्याचा प्रश्न पाचवा होता, आठ मार्कांना. सहापैकी कुठलेही चार सोडवायचे होते. आम्ही बासष्टच्या बासष्ट जणांनी पाचवा ऑप्शनला टाकला.